डाळ शिजणाऱ्या विहिरीचं पाणी

बसवराज नऊ वर्षांनी घरी आला, तो माणसांसाठी आला नव्हता, माशांसाठी आला होता. शरणम्माला हे पहिल्याच दिवशी कळलं. पण कळलेलं सगळंच माणूस लगेच घरात घेत नाही, काही दिवस ओसरीवर बसवून ठेवतं.

मुंबईवर जपान्यांचे बॉम्ब पडणार अशी आवई उठली होती, त्या सालचा चैत्र. मुंबईला गेलेली माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळत होती. बेंबळीत कुणी भांडीकुंडी घेऊन आलं, कुणी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन. बसवराज येडशीच्या ठेसनावरून बैलगाडीनं आला, तो मांडीवर रॉकेलचा डबा धरून आणि गाडीत पेंढ्यात गुंडाळलेली एक काचेची पेटी घेऊन. डब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. खाली उतरल्यावर शरणम्माच्या, वैनीच्या पाया पडायच्या आधी त्यानं फडकं सारून डब्यात डोकावून बघितलं.

"पाच निघाली हुती," तो म्हणाला. "तीन हायत."

शरणम्मा लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर सहा वर्षांचा होता, आईविना. तिच्या कुशीत झोपून मोठा झाला. तिची स्वतःची कूस उजवली नाही. तिनं त्याचा कधी बाऊ केला नाही, गावानं केला तेवढा पुरे होता. मग मिसरूड फुटली आणि पोरगं मुंबईला गेलं. तिथं एका पारशी शेठच्या बंगल्यात चिकटलं. शेठला मासे पाळायचा नाद, आणि त्या काचेच्या पेट्या धुणं, माशांना चारा घालणं हेच बसवराजचं काम. नऊ वर्षांत त्याची आठ पत्रं आली. शरणम्माला वाचता येत नव्हतं, पण आठही पत्रं तिला पाठ होती.

"जकातीच्या नाक्यावर अडवलं न्हाई का रं तुला?" सिद्रामप्पानं विचारलं. हा शरणम्माचा नवरा, घराच्या पुढच्या खणात तेल-मिठाचं दुकान चालवणारा, सावकाश बोलणारा माणूस.

"अडवलं की. मोगलाईत शिरताना करोडगिरीचा जमादार म्हणतो, 'डब्बे में क्या है रे?' मी म्हणलं, मछली. 'खाने की?' म्हणलं, न्हाई साहेब, देखने की. त्यानं किताब उघडली, वरनं खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, 'देखने की मछली पे महसूल लिख्या नईं. जा, पागल.'"

शरणम्मा हसली. किती दिवसांनी हसली, तिचं तिलाच नवल वाटलं.

मधल्या घरात, जिथं ऊन पोचत नाही अशा कोपऱ्यात, पेटी मांडली. पाणी भरून मासे सोडले आणि तिघंही बघत राहिली. चपटे, चंदेरी, हातावर मावतील एवढे. वर-खाली लांब पर आणि अंगावर काळे उभे पट्टे.

"बेलाचं त्रिदळ हाय गं बाई," शरणम्मा म्हणाली. "देवावरनं घसरून पाण्यात पडल्यागत."

"बेल कशाचा?" सिद्रामप्पा म्हणाला. "आपलं भस्म आडवं. ह्यांचं गंध बघ की उभं हाय. वैष्णव हायत. लिंगायताच्या घरी कसे आले, त्यांचं त्यांनाच ठाऊक."

"साहेबलोक त्यांना एंजल म्हणत्यात, दादा. फरिश्ता."

"फरिश्ता असू दे न्हाय तर जमादार असू दे. माझ्या पूजेच्या वक्ताला तोंड तिकडं करून बसव म्हंजे झालं."

आठ दिवस बसवराज राहिला. आठही दिवस त्याची पाठ घराकडं आणि तोंड पेटीकडं. वैनीला समजावून सांगायचा तेही माशांकडं बघतच. "ही पेटीत जन्मलेली न्हाईत, वैनी. समुद्रापल्याड लई मोठं रान हाय म्हणं. त्यातल्या नदीतनं जाळं टाकून धरलेली. धरून आणलेला जीव लई रुसतो. मेलेलं खात न्हाई, वळवळतं तेच खातो. आणि पाणी घाण होऊ देऊ नका."

मग पत्र आलं. शेठ स्वतः पाचगणीला जाऊन बसले होते आणि बंद बंगल्याला राखण हवी होती. बसवराजनं वळकटी बांधली.

"वैनी, ह्यांना सांभाळा. शेठचा सगळा जीव ह्यांच्यात हाय. समदं थंड झालं की घ्यायला येतो."

"येतो" एवढा एकच शब्द शरणम्मानं पदराला बांधला. मासे जिवंत आहेत तोवर हा यायचा. नाही तर पुन्हा नऊ वर्षं, पुन्हा आठ पत्रं.

तिच्या हातून चूक झाली ती इथंच. त्या घरात पिण्याचं पाणी रात्र ओलांडून राहत नसे. दिवस उगवला की घागरी, तांब्या, रांजण सगळं ओतायचं, राखेनं घासायचं आणि विहिरीचं ताजं भरायचं. शिळं पाणी देवालाही नाही, माणसालाही नाही. बसवराज म्हणाला होता, पाणी घाण होऊ देऊ नका. शरणम्माच्या लेखी शिळं तेच घाण. रोज सकाळी ती वाटीनं मासे पातेल्यात काढी, सगळी पेटी ओती, काचा राखेनं लख्ख घाशी आणि गावविहिरीचं नवंकोरं पाणी भरी. आल्यागेल्याचं करावं तितक्या निगुतीनं.

पाचव्या दिवशी एक मासा आडवा झाला.

तिनं त्याला घरामागच्या परड्यात कण्हेरीखाली पुरलं. लिंगायताच्या घरातला जीव, जाळायचा नाही, पुरायचा. शेजारची लक्ष्मम्मा गडग्यावरून बघत होती.

"काय गं शरणम्मा, मसाला वाटायच्या आधीच पुरलास?"

"तुझ्या जिभेला हाड न्हाई."

"माशाला तरी कुठं असतं! अगं, आमच्या सुनंला विचारत हुती बायका, शरणम्माच्या घरी कालवण कधी हाय म्हणून."

शरणम्मानं खड्ड्यावरची माती पायानं सारखी केली. बोलण्यातलं निम्मं बळ तिनं केव्हाच वाचवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या कामांना लागायचं.

त्याच आठवड्यात तिला ताप चढला. दोन दिवस अंथरुणातून उठवलं नाही, पाणी बदलायचं राहिलं. मनात म्हणाली, गेलेच आता. तिसऱ्या दिवशी भिंत धरत मधल्या घरात आली, तर उरलेली जोडी कोपरा सोडून मधोमध आलेली. शिळ्या, गढुळलेल्या पाण्यात. ती तिथंच पेटीशी टेकली. म्हणजे ह्यांना विरजणागत लागतं तर! जुनं थोडं ठेवायचं, त्यात नवं थोडं घालायचं. सगळं ओतून टाकलं की पुन्हा काही लागत नाही.

तरी मासे खात नव्हते. पर अंगाला चिकटवून एका जागी थरथरत राहायचे. काचेवर पाण्याची पांढरी रेघ धरायची, तशीच जणू त्यांच्या अंगावर. एका दुपारी चुलीवर तुरीची डाळ होती. तीन वेळा आधण घातलं तरी दाणा दाण्याला ओळख देईना. बेंबळीच्या गावविहिरीचं पाणी तसंच जड. भांड्याला पांढरा क्षार धरतो, डाळ शिजत नाही. सणावाराला पुरण घालायचं असलं की बायका ओढ्यापलीकडं हणमंतप्पाच्या मळ्यातल्या विहिरीवर जात. ते पाणी हलकं. त्यात डाळ लोण्यासारखी फुटते.

शरणम्मा पळी हातात धरून डाळीकडं बघत राहिली. मग पेटीकडं. जे पाणी डाळीला मानवत नाही, ते ह्या रानातल्या पाहुण्यांना कसं मानवंल?

तिनं घागर उचलली.

"आज कुठला सण काढलास, शरणम्मा?" हणमंतप्पा मोट थांबवून म्हणाला.

"सण न्हाई, मामा. मासं हायत."

म्हाताऱ्यानं कानामागं हात नेला. "काय हाय?"

"मासं. बसूचं. पाणी मानवंना त्यांना."

"माझ्या विहिरीचं पाणी माझ्या उसाला पुरंना, आणि तू माशाला नेतीस? ने बाई, ने. वरच्या देवानं विचारलं तर सांगीन, मासा तहानला हुता."

जाऊन-येऊन कोसभर वाट. ओढ्याचा उतार, मग चढ. पहिल्या आठवड्यात एक खेप, मग एक दिवसाआड दोन. दहाव्या दिवशी जोडीनं पर उघडले, छत्री उघडावी तसे, आणि तिनं सोडलेल्या अळ्यांवर तुटून पडली.

अळ्यांचीही एक तऱ्हाच. जन्मात मुंगी चिरडली नाही ती बाई परड्यात फुटक्या रांजणात पाणी साचवून डासांना आवतण द्यायला लागली. फडक्यातून गाळून वळवळत्या अळ्या वाटीत घ्यायच्या, पेटीत सोडायच्या. दर वेळी तोंडातून "शिवा" निघायचं. दोघांना जगवायचं म्हणजे शंभरांना मारायचं. ह्याचा हिशेब कुठल्या दारात द्यायचा, ते तिला कळेना. सिद्रामप्पा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसला की तिकडं पाठ करी. पूजा झाली की मात्र विचारी, "खाल्लं का गं वैष्णवांनी?"

असे दिवस गेले. दिवस जातात त्याला काही करावं लागत नाही, पाणी मात्र आणावं लागतं. पावसाळ्यात ओढा आला की वरच्या सांडव्याकडून वळसा. थंडीत पेटीभोवती घोंगडी आणि पहाटे चुलीतली ऊन वीट फडक्यात गुंडाळून पेटीला टेकवायची. जोडी तेव्हाही गारठून तळाला बसायची. शरणम्माच्या मानेची शीर एकदा धरली ती सुटलीच नाही. जात्यावर बसली की खांद्यातून कळ निघे, आणि कळीबरोबर ओवी.

*सांगून धाडीते, दूरच्या माझ्या दिरा,*
*मासं तुझं सुखी हायती, घरी येऊन बघ जरा.*

लक्ष्मम्मा गडग्यापलीकडून ऐके. आता ती टोमणे मारीत नसे. एकदा म्हणाली, "शरणम्मा, आजची खेप माझी सून आणंल गं."

"नको. तिला पोटुशीला कशाला चढ."

"मग तू कोण, लोखंडाची?"

शरणम्मानं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाटेला लागली. उत्तर द्यायला थांबलं असतं तर बसावं लागलं असतं, आणि बसलं असतं तर उठवलं नसतं.

माघ सरता सरता पत्र आलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सिद्रामप्पानं पत्र डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक शब्द टाचणीनं उचलावा तसं वाचलं. मुंबईत आता भय नव्हतं. शेठ परतले होते. पुढं लिहिलं होतं: 'मासं जिवंत असली तर कळवा, घ्यायला येतो. नसली तर इतक्यात येणं होणार न्हाई, कामं लई हायत.'

सिद्रामप्पानं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"काय लिहू?"

"जिवंत हायत म्हणून लिवा."

"येईल आणि घेऊन जाईल."

"व्हय."

"मग?"

"मग काय? हायत ते हायत. लिवा."

नऊ दिवसांनी तो येणार असं ठरलं. त्या नऊ दिवसांत मासे जरा वेगळे वागायला लागले. पेटीत शाळेच्या फुटक्या पाटीचा एक तुकडा तिनं उभा करून ठेवला होता, माशांना आडोसा म्हणून. जोडी त्या पाटीला दिवसभर तोंडं मारी. भूक लागली असंल, म्हणून शरणम्मानं अळ्या वाढवल्या. मग बसवराज यायच्या आदल्या दिवशी तिनं बघितलं: काळ्या पाटीवर पांढुरके, बारीक ठिपके धरलेले. ओळीनं, शेदीडशे.

क्षार. त्या गावात भांड्यावर पांढरं काही दिसलं की दुसरं काय मनात येणार? हलक्या पाण्यालाही शेवटी क्षार धरलाच म्हणायचा. उद्या बसू येणार, त्याला पेटी लख्ख दिसली पाहिजे. तिनं काथ्या घेतला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पाटी घासायला लागली. आणि अकरा महिने जे मासे हात दिसला की कोपऱ्यात पळायचे, ते दोघंही तिच्या हातावर धावून आले. बोटाला, मनगटाला थडाथडा धडका. लागत काहीच नव्हतं. तरी तिनं हात मागं घेतला. मग पुन्हा घातला आणि उरलेली पाटी घासून काढली.

बसवराज आला तो सकाळी. ह्या वेळी आधी पाया पडला. अंगानं भरला होता, कपाळावर केस विरळ झाले होते. मग पेटीपाशी गेला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "वजन धरलंय की ह्यांनी! शेठकडं पण अशी नव्हती. काय केलंसा तुम्ही?"

"पाणी आणलं."

"कुठनं?"

"हणमंतप्पा मामाच्या विहिरीचं. डाळ शिजती त्यात."

तो तिच्याकडं वळला. अकरा महिन्यांपूर्वी आठ दिवस राहून गेला होता, पण वैनीच्या तोंडाकडं त्यानं आत्ता बघितलं. मान एका अंगाला कललेली, डोक्यावरचे केस चुंबळीनं झिजून मधोमध टाळू दिसायला लागलेली.

"गुणाची हायत," शरणम्मा म्हणाली. "काल तेवढी बिथरली. पाटी घासत हुते तर हातावर धावून आली. आजवर कधी न्हाई."

"पाटीवर काय हुतं?"

"क्षार धरला हुता. बारीक बारीक ठिपके."

"ओळीनं?"

"व्हय. का रं?"

बसवराज पेटीकडं वळला. पेटीतले मासे रिकाम्या पाटीभोवती अजून फिरत होते. मग तो हळू म्हणाला, "क्षार नव्हता, वैनी. अंडी हुती."

शरणम्मानं हात पदराला पुसले. कोरडेच होते.

"जाऊ द्या. तुम्हाला काय ठाऊक! मीच सांगायला पायजे हुतं. पर मला तरी कुठं वाटलं हुतं! चार वर्षं शेठनं वाट बघितली. वेगवेगळं पाणी केलं, पेट्या बदलल्या. धरून आणलेली जोडी परक्या पाण्यात घालत न्हाई म्हणत्यात."

"मग इथं का घातली?"

"आता ते त्यांनाच ठाऊक."

ती उठून चुलीपाशी गेली. भाकरी थापायला घेतली. पहिली फाटली, दुसरीही फाटली. तिसरी थापलीच नाही, पीठ हातात धरून बसून राहिली. शेदीडशे. एकेक ठिपका काथ्याखाली खरवडताना कसा लागला होता, ते आता बोटांना आठवायला लागलं.

जेवताना बसवराजचा चेहरा उजळला होता. मनात काहीतरी जुळवून बसला होता.

"वैनी, अंडी पुन्हा घालतील. पंधरा दिवसांत, महिन्यात. इथलं पाणी त्यांना मानवलंय. मी शेठला सांगतो. नेत न्हाई ह्यांना. राहू द्या इथंच. पिल्लं झाली की मीच येतो बघायला. मग दर दोन-तीन महिन्यांनी येणं होईलच."

सिद्रामप्पानं ताटातून मान वर करून बायकोकडं बघितलं. अकरा महिने ह्याच एका गोष्टीसाठी ती ओढा चढत होती. आता ती गोष्ट आपल्या पायानं घरात येऊन ताटावर बसली होती.

शरणम्मानं बसवराजच्या ताटात डाळ वाढली. पळी भांड्यात ठेवली.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"आं?"

"जोडी घेऊन जा, बसू. आजच."

"अवो पर वैनी, पिल्लं…"

"तिकडं होतील न्हाई तर न्हाई होणार. माझ्यानं आता पाणी आणवत न्हाई."

"गडी लावू की एखादा. शेठ देईल पैसा."

"पाण्याचं न्हाई रं." ती थांबली. दमलेल्या माणसाला खरं बोलायला फार शब्द जोडावे लागत नाहीत, उगा मधेमधे थांबावं लागतं एवढंच. "मासं हायत म्हणून तू येणार. रोज सकाळी उठून मी बघणार, दोघं हायत ना. एक जरा कलला की मी भ्यायची. माशासाठी न्हाई, तुझ्यासाठी. अकरा महिने असं केलं. किती वेळा मनात आलं, मासं नसतं तर हा आला असता का? विचारायचं म्हणलं तर तूच न्हाईस. मग घागर घ्यायची आन् निघायचं."

बसवराजनं हातातला घास ताटात ठेवला.  तो एवढंच म्हणाला, "वैनी, तुम्ही तर माझ्या…"

"जेव. डाळ थंड व्हतीय."

दुपार कलल्यावर गाडी दाराशी लागली. दोघांनी मिळून मासे डब्यात घेतले. शरणम्मानंच वाटी धरली, तिच्या हाताला त्याची सवय होती. डब्यात पेटीतलंच जुनं पाणी घातलं आणि फडकं बांधलं. काचेची पेटी मात्र बसवराजनं ठेवून दिली. शेठकडं पेट्या ढीगभर आहेत म्हणाला.

गाडीत बसल्यावर डबा त्यानं मांडीवर न घेता पायाशी ठेवला.

"वैनी, पाडव्याला—"

"तारीख सांगू नको," शरणम्मा म्हणाली. "तारीख सांगितलीस की मी मोजत बसते. कवा आलास तर रिकाम्या हातानं ये. काही सांभाळायला आणू नको."

गाडी वळणावर गेली. बसवराज तोंड मागं करून बसला होता. एवढं तिला दिसलं, मग धुरळा आला.

ती आत आली. पेटीकडं न बघता मधल्या घरातून गेली, वळचणीची घोंगडी काढली आणि दिवसाउजेडी, भर घरात, जमिनीवर अंथरली. सिद्रामप्पा दारात येऊन उभा राहिला.

"काय हुतंय का गं?"

"न्हाई."

"मग चूल? सांजचं?"

"तुमीच पेटवा आज," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

 सिद्रामप्पानं दुकानाच्या फळ्या ओढून घेतल्या, चुलीपाशी जाऊन बसला आणि फुंकणी कुठं ठेवली असते, ते शोधायला लागला.